मातीला आलेली माणसं

(मेहकर, ता. भालकी, जि. बीदर इथं दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लिखित पाठ)



हे गाव माझं आजोळ. भाचा बोलायला उभा राहिला की आजोळची माणसं कौतुकानं ऐकतात, पण मी आज एक मागणं घेऊन आलो आहे. ते मागणं शेवटी मांडतो. ते का सुचलं, ते आधी सांगावं लागेल.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना तुमच्यातल्या बहुतेकांनी शाळेत पाहिलं. मला ते जास्त आठवतात मातीला जाताना. खांद्यावर पंचा, बगलेत छत्री, चाल झपाझप. गावात कुणीही जावो, कोणत्याही आळीतला, गुरुजी मातीला हजर. वाड्यातली माती असो की वेशीबाहेरच्या वस्तीतली, कब्रस्तानातली असो की मळ्यातली. मी पोरगेला होतो तेव्हा एकदा विचारलं, ‘गुरुजी, हे तुमचे कोण लागत होते?’ ते म्हणाले, ‘माझ्या पटावर होता तो.’ तेवढंच. परत येताना कब्रस्तानाच्या कोपऱ्यातल्या चिंचेखाली एक गुडघाभर उंचीचा दगड आहे, तिथं ते क्षणभर थांबले. वाकून दगडाला हात लावला आणि चालू लागले. त्या दगडावर अक्षर नाही. तो कुणाचा, हे विचारायचं माझ्याकडून तेव्हा राहून गेलं.

‘माती’ हा शब्द मी इथंच शिकलो. पुण्याकडं अंत्ययात्रा म्हणतात, अंत्यविधी म्हणतात. लातूर-उदगीरपासून भालकी-बसवकल्याणपर्यंत आपण ‘माती’ म्हणतो. ‘माती किती वाजता?’ ‘मातीला पाव्हणे आले का?’ प्रेत जाळायचं असलं तरी विचारतात तसंच. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं, पण मला वाटतं या शब्दात आपल्या मुलखाची रीत मुरलेली आहे. इथं पुरणारी माणसं पुष्कळ. लिंगायत पुरतात, मुसलमान पुरतात, ख्रिस्ती पुरतात, गोसावी समाध देतात, दलित वस्त्यांतून पुरण्याची चाल जुनी. आणि दात न आलेलं लेकरू कुणाचंही असो, ते मातीतच जातं. सगळ्यांचा शेवट सांगायला एकच शब्द हवा होता, तो आपण जमिनीतून उचलला.

लिंगायतांत माणूस मेला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. आंघोळ घालून, विभूती लावून त्याला मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग, जे तो जन्मभर गळ्यात बाळगत आला. विमानात बसवून, वाजतगाजत नेतात. खड्ड्यातही तो बसलेलाच असतो, समोर बघत. लहानपणी मला याची भीती वाटत नसे. उलट आजोबा खाली पूजेला बसले आहेत आणि उठतील तेव्हा उठतील, असंच वाटायचं. कब्रस्तानात प्रत्येकानं तीन मुठी माती द्यायची असते. त्या रांगेत या गावचे सगळे उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि तिसरी मूठ मागं ठेवून कुणी हात झटकलेला पाहिला नाही.

माझ्या आजोबांची समाध मळ्याच्या बांधावर आहे. हातभर उंच ओटा, वर दगडी पिंड, शेजारी कडुनिंब. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या जाणत्यांना आठवत असेल. खडी फोडायला बायाबापड्या जात होत्या, दाव्याची जनावरं कवडीमोलानं गेली. त्या दुष्काळानं केलेलं कर्ज फेडता फेडता तो मळा विकावा लागला. घेतला गावातल्याच एका मुसलमान घरानं. खरेदीखत झालं त्या दिवशी आजीनं तोंडी एक अट घातली, ओट्यावर नांगर घालू नका. खतात ही अट नाही, पहाणीत नाही. आजही त्या ओट्याभोवती नांगर वळतो. आता ट्रॅक्टर वळतो, आणि ट्रॅक्टर वळवायला जास्त जागा सोडावी लागते हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाडव्याला तिथं पणती लागते. मी येऊ शकलो नाही त्या वर्षीही लागली होती. मी संकोचून त्या घरच्या वहिनींना काही बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, ‘दादा, शेतासंगं धनीबी आले की आमच्याकडं.’

माझं आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. मेलेल्या माणसाला पुरतात एकदा, राखावं लागतं वर्षानुवर्षं. आणि आपल्या मुलखात हे राखायचं काम पुष्कळदा रक्ताच्या नात्याबाहेरच्यांनी केलं आहे.

गावोगावच्या मारुतीच्या पारावर तुम्ही वीरगळ पाहिले असतील. खालच्या चौकटीत लढाई, कधी पळवून नेलेली गुरं, मधे त्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरती तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, माथ्यावर चंद्र-सूर्य. ते जोवर आहेत तोवर याची आठवण राहो, एवढीच त्या शिल्पकाराची इच्छा. ‘वीरगळ’ हा शब्द मराठीत कानडीतून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड, वीराचा दगड. आपल्या पूर्वजांनी मेलेल्यांची आठवण ठेवायचा शब्द शेजारच्या भाषेकडून घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ पुष्कळ सापडतात. हा कोण, कुणाच्या चाकरीत होता, कोणत्या गावची गुरं सोडवताना पडला, ते लिहिलेलं असतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. माणूस दिसतो, नाव नाही. आपण या दोन्ही रीतींच्या मधोमध राहतो. आजी त्या दगडांना शेंदूर लावायची आणि ‘देव’ म्हणायची. आपल्याच गावासाठी मेलेला माणूस नाव हरवल्यामुळं देव झाला. पूजा मिळाली, पण त्याची गोष्ट गेली.

आता थोडं दूर, बीदरच्या पूर्वेला अष्टूरला जाऊ. तिथं बहमनी सुलतानांच्या कबरी एका रांगेत आहेत. तुम्ही बीदरला बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला जाता. अष्टूरला क्वचित जाता. जा. त्या रांगेत उभं राहिलं की एका राज्याचं चढणं आणि उतरणं इतिहासाच्या पुस्तकाशिवाय दिसतं. पहिल्यांच्या कबरी प्रचंड, शेवटच्यांच्या बारक्या. जी सत्ता उरली नव्हती तिच्या नावानं मोठा घुमट बांधायला पैसा कोण देणार? मधे हुमायूनशहाची कबर आहे. १४६१ साली गेला, लोक त्याला ‘जालीम’ म्हणत. त्याच्या घुमटावर वीज पडली असं सांगतात. अर्धा घुमट ढासळलेला आहे आणि आतले विटांचे थरांवर थर उघडे पडले आहेत. लोकांनी त्या पडझडीला त्याच्या वागण्याशी जोडलं. वीज कुणाचं नाव विचारून पडत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण मेलेल्याबद्दल निवाडा द्यायची त्यांची ती पद्धत होती.

आणि त्या रांगेत अहमदशहा वली बहमनीची कबर आहे, १४३६ ची. बहमन्यांची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली ती यानं. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग भिंतींवरचा सोनेरी, हिंगुळी, निळा रंग हळूहळू वर येतो आणि दिसतं की सगळी भिंत अक्षरांची आहे. ज्या शाह नेमतुल्ला किरमानींना तो गुरू मानी, त्यांची परंपरा तिथं लिहिलेली आहे. पण मला सांगायचं आहे ते भिंतीवर लिहिलेलं नाही.

या सुलतानाचा उरूस हिजरी महिन्यांनी होत नाही, होळीपासून दिवस मोजून होतो. गुलबर्गा जिल्ह्यातल्या माड्याळहून एक लिंगायत जंगम आपल्या माणसांसह चालत येतो, शंख वाजवत. तो कबरीवर फुलं वाहतो, नारळ फोडतो. हैदराबाद राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवर १९४७ साली जो ग्रंथ छापला त्यातही या उरुसाचं वर्णन आहे. मुसलमान त्याला वली म्हणतात. लिंगायतांमधले पुष्कळ भाविक त्याला अल्लमप्रभू मानतात. एकच कबर, तीत दोन माणसं नांदतात.

इथं मला थांबावंसं वाटतं, कारण ही गोष्ट सांगून लोक लगेच टाळ्या घेतात आणि पुढं जातात. अहमदशहा साधा फकीर नव्हता. त्यानं थोरल्या भावाकडून, फिरोजशहाकडून, गादी हिसकावली. विजयनगरवरच्या त्याच्या स्वाऱ्यांत रक्ताचे पाट वाहिले. मग तो वली कसा झाला? कथा अशी की दुष्काळ पडला, तळी आटली, तेव्हा सुलतान स्वतः उघड्या माळावर जाऊन पावसासाठी प्रार्थनेला उभा राहिला, आणि पाऊस आला. कोरडवाहू मुलखातल्या शेतकऱ्यांनी त्याच्या सगळ्या आयुष्यातून तो एक दिवस निवडला आणि सहाशे वर्षं जपला. ज्याला पावसाची वाट बघावी लागते त्यालाच ही निवड समजेल. पण मी शिक्षकाच्या व्याख्यानमालेत बोलतो आहे, म्हणून म्हणतो की पावसाचा दिवस जपावा आणि बाकीचे दिवसही मुलांना सांगावेत. ज्यांच्या मातीला आपण जातो त्यांची नुसती स्तुती केली की ते हळूहळू कुणीच राहत नाहीत.

बीदरच्या दुसऱ्या अंगाला, गोरनळ्ळीच्या बाजूला, ख्वाजा महमूद गवानची कबर आहे. मदरशामुळं गवान तुम्हाला ठाऊक आहे, १४७२ ची ती निळ्या-हिरव्या फरशांची इमारत. इराणातल्या गिलानमधून व्यापारी म्हणून आलेला हा माणूस बहमनी राज्याचा वजीर झाला. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं एक बनावट पत्र तयार केलं आणि ५ एप्रिल १४८१ ला सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहानं त्याचं डोकं उडवायला लावलं. सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता तो. नंतर त्याच्या खजिन्याची झडती झाली, तर हाती फारसं काही लागलं नाही. स्वतःचा खर्च तो आपल्या व्यापारातून भागवी, मातीच्या भांड्यात जेवी आणि चटईवर निजे, असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. सुलतान पुढच्याच वर्षी गेला. गवानच्या कबरीवर घुमट नाही. साधा चौथरा. मोठमोठ्या घुमटांपेक्षा त्या चौथऱ्यापाशी मला जास्त वेळ उभं राहावंसं वाटतं. इतक्या मोठ्या अन्यायानंतर कुणीतरी त्याचं शव दूरच्या छावणीतून इथवर आणलं. त्या आणणाऱ्यांची नावं कुठं नाहीत. ते त्याच्या मातीला आले होते, एवढंच आपल्याला समजतं.

बहमनी म्हटलं की मराठी माणसाला आणखी एक नाव आठवायला हवं, मुंतोजी. बीदरच्या राजघराण्यातला म्हणून सांगितला जाणारा हा माणूस कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, सहजानंदांचा शिष्य झाला आणि मराठीत लिहू लागला. ‘सिद्धसंकेत प्रबंध’ हा त्याचा ग्रंथ. गुरूनं त्याला मृत्युंजय हे नाव दिलं. कल्याणजवळ नारायणपूरला त्याची समाध सांगतात. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर पुस्तक लिहिलं, त्यामुळं अभ्यासकांना तो ठाऊक आहे. आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाला विचारा. बसवकल्याणला सहलीला जाऊन आलेलं असेल, तरी मुंतोजी त्याला भेटलेला नसतो. हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंची समाध आहे, १८६५ ची. तिथं दत्तजयंतीला माणसं लोटतात, मराठी, कानडी आणि उर्दू तिन्ही भाषांत प्रभूंची पदं म्हटली जातात. म्हणजे आठवण चालू ठेवायची रीत आपल्याला येत नाही असं नाही. ज्याच्या मागं परंपरा उभी राहिली तो राहिला. ज्याच्या मागं नाही, तो पुस्तकात गेला. आणि ज्याच्या मागं पुस्तकही नाही, तो चिंचेखालचा दगड झाला.

आता जे बोलायचं आहे ते बोलताना आवाज खाली येतो. १९४८.

तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी ‘रझाकारीच्या वक्ताला’ असं म्हणून किती गोष्टी सुरू केल्या आणि मधेच सोडून दिल्या, हे मी ऐकलं आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात बसवकल्याण तालुक्यातल्या गोर्ट्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगतात. त्या माणसांना रीतीनं माती द्यायला गावात कोण उरलं होतं? पंचाहत्तर वर्षांनी, २०२३ साली, तिथं स्मारक उभं राहिलं. मग सप्टेंबर आला. १३ ते १७ सप्टेंबर, भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन. निजामाचं राज्य संपलं, आणि पुढच्या दिवसांत सुडाची लाट आली. ज्यांनी कधी रझाकारांचा गणवेश घातला नव्हता अशी मुसलमान माणसं, त्यांच्या बाया, लेकरं मारली गेली. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. ती नोव्हेंबर-डिसेंबरात फिरली. राज्यभरात २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. म्हणजे आपल्या अंगणात. काही ठिकाणी समितीला प्रेतांनी भरलेल्या विहिरी दाखवल्या गेल्या. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही.

याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवलं, अशा हकिकती समितीनं आवर्जून नोंदवल्या. कणगीत लपवलेलं पोर, कुंकू लावून लेक म्हणून घरात ठेवलेली शेजारीण, अशा गोष्टी आपल्याकडं घराघरात होत्या, पण त्या कुजबुजत सांगितल्या गेल्या. का? मला वाटतं, वाचवलेल्याची गोष्ट सांगायची तर मारणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, आणि मारणारा गावातलाच असतो. गोर्ट्याच्या मेलेल्यांना स्मारक मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. विहिरीतल्यांना कब्रस्तानही मिळालं नाही. दोघांचं दुःख एकाच वहीत लिहिण्याची हिंमत आपण केली नाही तर ती वही अर्धीच राहील. हे बोललेलं सगळ्यांना रुचेल असं नाही. तरी गुरुजींच्या नावानं उभा आहे, म्हणून बोललो. त्यांच्या पटावर दोन्हीकडची लेकरं होती.

किल्लारीच्या भूकंपाबद्दल फार बोलत नाही, जखम अजून ओली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं उशिरा झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. बाहेर काढलेल्या प्रेतांना एकेकट्यानं नेणं शक्यच नव्हतं, ढासळलेल्या घरांची लाकडं रचून सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बसवून माती द्यायची त्यांनाही, ज्यांना वेगळं न्यायचं त्यांनाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मरणाइतकंच हेही लागलं आहे, की आपण त्यांना आपल्या रीतीनं पोचवू शकलो नाही. दरवर्षी त्या तारखेला माणसं स्मृतिस्तंभापाशी येतात. जिथं थडगं नाही तिथं तारीख थडग्याचं काम करते.

आता आपल्या गावाकडं परत येतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला निजामाच्या जुन्या मुलखाची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरीक तिकडं, शेत इकडं. त्या वाटणीची कटुता तुम्हाला मी काय सांगू. पण कब्रस्तानात आणि मसणवट्यात तिचा एक परिणाम झाला, त्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आपल्याकडं एकाच घरात आजोबा उर्दूतून शिकले, कारण सरकार उर्दूत चालायचं. घरचा हिशेब मोडीत. बाप मराठी शाळेत गेला. नातू कानडीतून किंवा इंग्रजीतून शिकतो. पणजोबाच्या मरणाची नोंद एखाद्या जुन्या उर्दू दप्तरात असेल, जमिनीच्या वाटणीचा कागद मोडीत असेल, समाधीवरचा दगड बाळबोध मराठीत, आणि ते शेत पहाणीत कानडीत. चार लिप्यांत विखुरलेला एक म्हातारा. ते सगळं वाचू शकणारा माणूस आज घरात नाही.

आणि बायका? त्यांचं तर एकाच भाषेतही नाव धड नाही. लग्नात आपल्याकडं नाव बदलायची चाल. माहेरची एक, सासरची दुसरी. समाधीवर लिहिलं तरी ‘अमक्याची पत्नी’. अष्टूरलाही सुलतानांच्या रांगेत एक मोठी कबर अहमदशहाच्या बेगमेची म्हणून ओळखली जाते, म्हणजे नवऱ्याच्या नावानंच. माझी आजी, जिनं नांगराची ती अट घातली, तिचं माहेरचं नाव मला ती गेल्यानंतर कळलं, तिच्या धाकट्या बहिणीकडून. सहा लेकरं वाढवली, दोन पुरली, दुष्काळात घर ओढलं, आणि तिच्या नातवाला तिचं पहिलं नाव ठाऊक नव्हतं. ती माहेरी गेली की त्याच नावानं हाक ऐकत असेल. मी एकदाही ऐकली नाही.

माझं मागणं आता सांगतो. या गावात एक वही सुरू करा. कोण कुठं आहे, याची वही. मसणवटा, कब्रस्तान, दलित वस्तीची जागा, मळ्यांतल्या समाध्या, पारावरचे दगड, सगळं. शाळेतली दोन-दोन पोरं एकत्र पाठवा, एक मराठी वाचणारं, एक कानडी वाचणारं. बरोबर उर्दू वाचता येणारा एखादा म्हातारा. असे गावात आता दोघं-तिघंच असतील, म्हणून घाई. तारीख मिळाली तर लिहा, नाही मिळाली तर दुष्काळाच्या आधी की नंतर, रझाकारीच्या आधी की नंतर, एवढं लिहा. आपले म्हातारे काळ असाच मोजतात आणि तो खरा असतो. बाईचं नाव लिहिताना माहेरचं नाव विचारा आणि ते आधी लिहा. माणूस काय करायचा ते लिहा: मोट कोण चालवायचं, बाळंतपणं कुणी केली, हलगी कोण वाजवायचं, हुरड्याला सगळ्यांना कोण बोलवायचं, पोळ्याला कुणाचे बैल पुढं असायचे. कुणी कुणाला वाचवलं, ते वाचवणाऱ्याच्या नावासकट लिहा. कुणी कसं मेलं, हे घरच्यांनी आपण होऊन सांगितलं तरच लिहा. एखाद्या घराला काही सांगायचं नसेल, तर त्या पानावर नुसतं नाव येऊ दे. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन पोरांनी प्रश्न विचारू नयेत. तिथं मोठ्यांनी जावं, बसावं, चहा घ्यावा, बोलतील तेवढं ऐकावं.

कुणी म्हणेल, हे गुरुजींना सगळं ठाऊक होतं. होतं. पन्नास वर्षांच्या माती त्यांच्या डोक्यात होत्या, कोण कुठं, कुणाच्या शेजारी. गुरुजी गेले त्या दिवशी मी पुण्याहून निघालो तेव्हा दुपार उलटली होती, पोचलो तोवर माती झाली होती. त्यांच्या मातीला मी नव्हतो. ते सगळ्यांच्या मातीला होते. तेरा दिवसांनी एकटाच त्यांच्या रोजच्या वाटेनं फिरलो आणि कब्रस्तानाच्या कोपऱ्यात चिंचेखाली येऊन उभा राहिलो. दगड तिथंच आहे. थोडा कललाय. पावसानं बुडाची माती वाहून गेलेली आहे, मी हातानं थोडी लोटली. तो कुणाचा आहे, पटावरचं कोणतं पोर तिथं आहे, की पट सुरू होण्याआधीच गेलेलं कुणी आहे, हे मला ठाऊक नाही. इथं बसलेल्यांपैकी कुणाला ठाऊक असेल, अर्धवट का होईना, नुसतं ऐकलेलं का होईना, तर सभा संपल्यावर मला गाठा. मी आज मुक्कामाला आहे, वही बरोबर आणली आहे. पहिल्या पानावर आजीचं माहेरचं नाव लिहिलं आहे, दुसरं पान कोरं आहे.